डाव्या नॉबभोवतीचे पाच ठिपके

अन्याय झाला तो माझ्या घरमालकांवर. केव्हा झाला तेही सांगते: १९९७ साली, गौरी-गणपतीच्या आदल्या शनिवारी, दुपारी चार ते पाच या एका तासात. कुठे झाला? जयनगरात, त्यांच्या स्वतःच्या हॉलमध्ये, त्यांच्या बायकोनं केलेली कॉफी पिऊन आणि कडबोळी खाऊन. करणारे दोघे होते. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्याचा वेल्फेअर ऑफिसर आणि त्याच कारखान्याचा डॉक्टर. दोघंही जाताना चपला घालता घालता हात जोडून गेले. मी दाराशी उभी राहून हे सगळं बघत होते, आणि आपलं काम फत्ते झालं असं मला वाटत होतं.

घरमालकांना अख्खी गल्ली अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. त्यांच्या बायको अक्का. खरं नाव लिहीत नाही. अपील अजून चालू आहे, आणि नाव छापलं की कारखाना त्याचंही काहीतरी करील. माझ्या छापील अक्षरांचं त्यांनी एकदा काय केलं ते पुढे येईलच.

मी निपाणीची. कामगारांच्या एका संघटनेची पत्रकं लिहायला बंगळूरला आले आणि अण्णांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. खोली दाखवायच्या आधी अण्णांनी माझ्या लोखंडी पेटीवर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं, कान वाकडा केला आणि म्हणाले, "निम्मी रिकामी आहे. सरी, ठीक आहे. सामान कमी, तर धडधड कमी." मग अटी सांगितल्या. चपला जिन्याखाली. ट्रान्झिस्टर नाही. रविवारी सकाळी दहा ते बारा माडीवर चालायचं नाही, बसून राहायचं. मी म्हटलं, "आणि शिंक आली तर?" तर गंभीरपणे म्हणाले, "उशीत."

त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेलं. मराठी घरात, कानडी बाहेर, आणि दोन्हींची सरमिसळ जेवताना. माझी मराठी ऐकून ते अक्कांना म्हणायचे, "हिनं मीठ मागितलं तरी भांडण काढल्यासारखं वाटतं गं." मला ते 'पत्रकवाली' म्हणत. "काय पत्रकवाली, आज कुणाला घेराव?"

अण्णा कारखान्यात ऐकायचे. हेच त्यांचं काम. बोम्मसंद्र्याच्या त्या कारखान्यात स्पीकर बनायचे, आणि बनलेला प्रत्येक स्पीकर पेटीत जायच्या आधी एका बाकावर यायचा. त्यात एक सूर सोडायचा. तो अगदी खालून, घशातल्या गुरगुरीपासून सुरू होतो आणि वर वर चढत शिट्टीसारखा होऊन कानाच्या पलीकडे निघून जातो. मध्येच कुठे घरघर आली, डिंकाचा एखादा थेंब सुटा राहून थरथरला, तर माल बाजूला. नाही आली, तर पाठीवर एक गोल कागदी चिकटी लावायची. तिच्यावर ऐकणाऱ्याचा नंबर. अण्णांचा नंबर सात. शेकड्यांनी स्पीकर, रोज, अठरा वर्षं. आणि बाकाची मांडणी अशी की स्पीकर डाव्या हाताला, कानापासून वीतभर. उजव्या हाताला चिकट्यांचा गठ्ठा.

कानात कापूस घालायची सोय नव्हती. कापूस घातला तर घरघर ऐकू कशी येणार? मी एकदा चिडून विचारलं, "अण्णा, तुम्ही कधी मागितलं नाही काही कानाला?" ते म्हणाले, "अगं, आचाऱ्यानं तोंडाला फडकं बांधून चव घ्यायची का?" आणि हसले. मीही हसले. आता हसू येत नाही.

ठोकून बघायची खोड त्यांना बाकावरूनच लागली असावी. ते सगळंच ठोकून बघायचे. पपई, कुकर, दरवाजे, दुसऱ्यांच्या घरातले देव्हारे. जयनगरच्या मार्केटात नारळ घेताना मागे रांग खोळंबायची. नारळवाली कानडीत ओरडायची, "अण्णा, नारळ घेताय की त्याचं लग्न जमवताय?" हे शांतपणे पंधरावा नारळ कानाशी धरायचे. पण घरी आलेला नारळ कधी नासका निघाला नाही, हे अक्का मान्य करायच्या. एवढं एकच मान्य करायच्या.

कारण हॉल. तो हॉल म्हणजे अक्कांच्या संसारावर झालेलं अतिक्रमण होतं. लाल गुळगुळीत जमीन, आणि तिच्यावर पांढऱ्या रंगानं काढलेली चार वर्तुळं. त्या वर्तुळांत एका वेताच्या खुर्चीचे चार पाय. खुर्ची तसूभर हलवायची नाही. समोर खांद्याएवढे उंच दोन स्पीकर, फणसाच्या लाकडाच्या खोक्यांत अण्णांनी स्वतः बसवलेले. मागच्या भिंतीवर कांबळं ठोकलेलं, आवाज उलटून येऊ नये म्हणून. छताला बेकरीतून आणलेले अंड्यांचे पुठ्ठे. अक्का सोवळ्यातल्या. त्या पुठ्ठ्यांखालून जाताना पदर डोक्यावर घ्यायच्या.

दोन स्पीकरांच्या मध्ये अण्णांनी घरी बांधलेला ॲम्प्लिफायर. त्याला आवाजाचे नॉब दोन: डावा डाव्या स्पीकरचा, उजवा उजव्याचा. मी विचारलं, सगळ्यांच्या घरी एकच असतो, तुम्हाला दोन कशाला? "दोन कान दिलेत ना देवानं? मग."

पाहुणे आले तर एकेकानं खुर्चीत बसायचं, बाकीच्यांनी भिंतीला टेकून आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, केस कापायला गेल्यासारखं. आणि रेकॉर्डवर सुई टेकवण्याआधी अण्णा म्हणायचे, "आधी घर गप्प करा." मग पंखा बंद. ट्यूबलाइट बंद, तिची गुणगुण त्यांना सोसायची नाही. फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा लावायला विसरून दूध किती वेळा नासलं असेल! अक्का पातेलं आणून त्यांच्या नाकाशी धरायच्या: "घ्या, तुमचं संगीत."

आणि एवढं सगळं करून ते ऐकायचे किती हळू! हे नीट वाचा, पुढे लागणार आहे. इतकं हळू की शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तर गाणं बुडायचं. गल्लीत कुणी मोठ्यानं टेप लावला की म्हणायचे, "वाढवतो तो ऐकत नसतो." माझ्या पत्रकांवरही त्यांचा हाच राग. एक पत्रक हातात धरून म्हणाले, "सगळी अक्षरं जाड, दर ओळीला उद्गारचिन्ह. सगळंच ओरडलं तर माणसानं ऐकायचं काय?" मी म्हटलं, मालकांना हळू ऐकू येत नाही. "स्वल्प हळू बोलून तर बघ." मी बघितलं नाही.

आता होम थिएटर. अक्कांचा भाऊ सिंगापूरहून आला तो एक मोठं खोकं घेऊन. आत आवाज वाटून देणारा रिसीव्हर आणि पाच छोटे प्लॅस्टिकचे स्पीकर: तीन पुढे, दोन मागे. व्हिडिओ कॅसेट लावली की गाडी एका भिंतीतून येऊन दुसऱ्या भिंतीतून जाणार. भाऊ समजावून सांगत होता, अण्णा त्यातला एक प्लॅस्टिकचा डबा पेरानं ठोकून बघत होते. ठोकला, खाली ठेवला, हात धोतराला पुसले. खोकं महिनाभर पलंगाखाली गेलं.

अक्का एरवी अण्णांशी भांडायच्या नाहीत, नुसत्या भांडी वाजवायच्या. पण या वेळी बोलल्या. "अठ्ठावीस वर्षं तुमचं ऐकतेय. त्या बायका रेकॉर्डमध्ये काय गातात मला कळत नाही, मी गप्प बसते. मला सिनेमा बघायचाय. माणसं बोललेली ऐकायचीयत. तुमचे ते दोन खांब आठवड्यातले सहा दिवस नुसते उभे असतात, त्यांना सांगा काम करायला."

हे शेवटचं वाक्य अण्णांना लागलं. दुसऱ्याच दिवशी खोकं बाहेर आलं.

दोन्ही एकत्र करायचं म्हणजे काय, ते मला त्या हॉलमध्ये जमिनीवर बसून कळलं. एका खोलीत दोन जोड्या नकोत, हे अण्णांचं पहिलं म्हणणं. पुढचे डावे-उजवे प्लॅस्टिकचे डबे रद्द. त्यांच्या जागी फणसाचे खांबच सिनेमाचंही काम करतील. रिसीव्हरच्या पाठीमागून पुढच्या दोन बाजूंचा आवाज तारेनं काढायचा आणि जुन्या ॲम्प्लिफायरच्या मोकळ्या तोंडात घालायचा. मधला डबा टीव्हीच्या डोक्यावर, मागचे दोन दारावर, कॅलेंडरच्या दोन बाजूंना. गाणं लावायचं तर रिसीव्हर बंद, जुना संसार जसाच्या तसा, मध्ये कुणी नाही. सिनेमा लावायचा तर रिसीव्हर मालक आणि ॲम्प्लिफायर हमाल.

अडचण एकच. सिनेमाच्या वेळी जुन्या ॲम्प्लिफायरचे दोन्ही नॉब दर वेळी त्याच जागी हवेत. जरा पुढे गेले तर खांब बाकीच्यांना खाऊन टाकतात, मागे राहिले तर माणसं पोकळ बोलतात. म्हणून जागा एकदा ठरवायची आणि खूण करायची. रिसीव्हरमध्ये त्यासाठी एक सोय होती: तो एकेका स्पीकरमधून आळीपाळीनं 'श्शूऽऽ' असा आवाज सोडायचा, नळाला पाणी यायच्या आधी हवा येते तसा. अण्णा वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे. डावा. मधला. उजवा. मागचे. सगळे सारखे ऐकू येईपर्यंत हात वर, हात खाली. जमलं की हाक, "अगं, ठिपका लाव!" आणि अक्का नेलपॉलिशची बाटली घेऊन यायच्या, लेकीच्या लग्नातली, डाळिंबी रंगाची. नॉबवर एक रेघ होती. ती रेघ जिथे आली त्या जागी पत्र्यावर एक ठिपका डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही ठिपके घड्याळातल्या दहाच्या काट्यावर. अगदी जोडीनं.

पहिल्या रविवारी दुपारी अक्कांनी सिनेमा लावला. त्यात कुणीतरी दार वाजवलं, तर अक्का उठून आमचं दार उघडायला गेल्या. उघडून बाहेर बघितलं, कोण नाही. परत वळल्या तेव्हा अण्णा खुर्चीत पोट धरून हसत होते. त्या बाईचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होता. नवऱ्याच्या हातात काय आहे ते तिला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं.

चांगलं म्हणून सांगण्यासारखं इथे संपतं.

मला पहिल्यांदा संशय आला तो फ्रिजमुळे. एका रविवारी खाली गेले तर अण्णा रेकॉर्ड काढत होते. पंखा बंद केला, ट्यूब बंद केली, म्हणाले, "झालं घर गप्प." फ्रिज घरघरत होता. मी अक्कांकडे बघितलं, अक्कांनी माझ्याकडे. अक्का उठल्या आणि हळूच फ्रिजचं बटण बंद करून आल्या. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. माझ्या लक्षात आलं की हे त्या कितीतरी दिवस करत होत्या.

मग अण्णा डाव्या स्पीकरवर रागवायला लागले. "याचं तोंड बसलंय. वरचे सूर येत नाहीत." आतला लहान स्पीकर बदलला. पुन्हा बदलला. तिसऱ्यांदा बदलला. काढलेले तिन्ही ठोकून बघितले, तिन्ही ठणठणीत. दर वेळी नवा बसवला की श्शूऽऽ लावून पुन्हा जमवायचं, आणि दर वेळी डावा नॉब थोडा पुढे. चौथ्यांदा तर काही न बदलताच जमवलं. मग बाकीचे रिमोटनं त्याच्या बरोबरीला आणायचे. "अगं, ठिपका लाव!" डाळिंबी बाटली वाळली, गुलाबी आली. गुलाबी संपली, लाल. डाव्या बाजूला ठिपके चढत गेले: दहा, अकरा, बारा, दीड, तीन. पाच ठिपके. उजव्या बाजूला दोनच, दहाचा आणि साडेदहाचा.

हॉलमध्ये आम्हाला काय ऐकू येत होतं सांगू? सगळं डावीकडे कलंडलेलं. गाणारी बाई डाव्या खांबात जाऊन बसलेली. सिनेमातला नवरा-बायको समोरासमोर भांडायचे, तर आवाज दोघांचेही डावीकडून. आणि मधोमध, पांढऱ्या वर्तुळांतल्या खुर्चीवर अण्णा, डोळे मिटून, समाधानानं: "आता कसं बरोबर मध्ये आलं."

आम्ही सांगितलं नाही. अक्का म्हणाल्या, "नको गं. त्यांना बेजार करू नको. कानावर तर जगतात ते."

सांगितलं कारखान्यानं. सात नंबरची चिकटी लावलेला माल परत यायला लागला. घरघर असलेला. आधी समज, मग नोटीस: कामात हयगय. ज्या माणसानं नारळ कधी चुकवला नाही, त्याला हयगय! सरकारी दवाखान्यात कान तपासले. डावा जवळजवळ गेलेला, उजवा अर्ध्यावर. अण्णा घरी आले, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "म्हणजे स्पीकर चांगला होता." एवढंच. तीन चांगले स्पीकर उगाच काढून टाकले, याचं त्यांना वाईट वाटत होतं.

पैसे त्यांना नको होते. मी भरपाईचं बोलले की हातानं उडवून लावायचे. त्यांना एका कागदावर एक वाक्य हवं होतं: कान कामावर गेले. "हयगय नाही म्हणावं. त्यांनी तेवढं लिहावं. अष्टे, बस्स." आणि दुसरं म्हणजे बाकाची मांडणी बदलावी. त्यांच्या जागी आता तीन पोरी बसवल्या होत्या, नुकत्या शाळा सोडलेल्या. कान ताजे म्हणून. स्पीकर त्यांच्याही डाव्या हाताला, वीतभरच.

मी पत्रक लिहिलं. आणि आता जे सांगते ते मी कुठल्याही सभेत सांगितलेलं नाही. पत्रकात मला अण्णा मोठे करायचे होते. साधा कामगार नव्हे, कलावंत! म्हणून मी लिहिलं: 'ज्याने स्वतःच्या हातांनी संगीत आणि सिनेमा एका यंत्रात जोडले, ज्याच्या घरी थिएटरसारखा आवाज घुमतो, त्या कारागिराचे कान या कारखान्याने खाल्ले!' प्रूफ अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि 'घुमतो' वर बोट ठेवलं. "हे काढ. माझ्या घरी आवाज घुमत नाही. घुमला तर तो दोष. कांबळं कशाला ठोकलंय मग?"

मी म्हटलं, "अण्णा, वाचणाऱ्याला जोर वाटला पाहिजे."

"पण खोटं आहे."

"शोभेचं आहे हो."

त्यांनी चष्मा काढून प्रूफ परत दिलं. मी तसंच छापलं आणि कारखान्याच्या गेटवर वाटलं.

आठ दिवसांत त्या वेल्फेअर ऑफिसरचा निरोप आला: आम्ही भेटायला येतो, सहानुभूतीनं. अक्कांनी कडबोळी तळली. ऑफिसर कारखान्याच्या डॉक्टरांना घेऊन आला; वयानं लहान, बोलायला गोड. कानडीत आणि इंग्रजीत बोलत होता, मी मराठीत देते. अण्णांना नीट कळावं म्हणून तो प्रत्येक प्रश्न कागदावर लिहून दाखवत होता. तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं.

"सर, तुमच्या थिएटरबद्दल खूप ऐकलं. जरा दाखवाल?"

ऐकायला आलेल्या माणसाला अण्णा नाही म्हणणार? डॉक्टरांना वेताच्या खुर्चीत बसवलं. ऑफिसर भिंतीला टेकला. "आधी घर गप्प करा," अण्णा म्हणाले, पंखा बंद केला, आणि अक्का फ्रिजकडे गेल्या. मग दोन्ही नॉब आपापल्या शेवटच्या ठिपक्यावर, रिमोट नेहमीच्या आकड्यावर, आणि सिनेमातली लढाई सुरू झाली.

शोकेसमधल्या काचेच्या बाहुल्या थरथरल्या. डॉक्टरांनी कान झाकला. दोन्ही नाही. एक. डावा.

मी दारात उभी होते आणि मनात म्हणत होते, बघा, बघा केवढ्यानं लावावं लागतं या माणसाला! आता तरी पटेल!

ऑफिसरनं कागदावर लिहिलं, 'रोज इतक्याच आवाजात?' अण्णांनी वाचलं. "सध्या हो."

ऑफिसर ॲम्प्लिफायरपाशी वाकला. 'हे ठिपके कसले?'

आणि अण्णांनी समजावून सांगितलं. केवढ्या आनंदानं सांगितलं! हा पहिला, हा दुसरा. दर वेळी कसं जमवलं, का वाढवलं, कुठली बाटली. शिकवायला कुणीतरी मिळालं होतं त्यांना. ऑफिसर बोट ठेवून मोजत होता. डाव्या बाजूचे मोजले. उजव्या बाजूकडे त्यानं बघितलं, मी बघितलं त्याला बघताना, आणि वहीत काही लिहिलं नाही.

डॉक्टरांनी कडबोळ्याची रेसिपी विचारली.

पत्र गणपती उठल्यावर आलं. माझ्या पत्रकाची प्रत सोबत जोडलेली, 'थिएटरसारखा आवाज घुमतो' खाली लाल रेघ. मजकूर असा: कामगाराच्या घरी स्वतः तयार केलेली धोकादायक ध्वनियंत्रणा आहे, तिचा आवाज त्याने पाच टप्प्यांत वाढवत नेल्याचे त्याने स्वतः कबूल केले आहे, सबब कानाचा दोष घरगुती कारणाने झाला असून कामाशी त्याचा संबंध नाही. खाली डॉक्टरची सही. ज्या डॉक्टरनं मधोमध बसून फक्त डावा कान झाकला होता, त्याची.

डोकं असलेल्या माणसानं विचार करावा. घरच्या आवाजानं कान गेले असते तर मधल्या खुर्चीत बसणाऱ्याचे दोन्ही सारखे जातील. डावा एकटा का पुढे गेला? ठिपके चढायच्या आधी घरात डावीकडे जास्तीचं काय होतं? काही नाही. बाकावर डावीकडे काय आहे? पहिला डाळिंबी ठिपका दहाच्या काट्यावर जोडीनं आहे, शेजारच्या कुकरखाली बुडणाऱ्या आवाजाचा. कान उतरत गेले म्हणून ठिपके चढत गेले. त्यांनी ते उलटे वाचले. आणि उलटं वाचायला शब्द मी दिला. अण्णा सांगत होते, काढ. मी शोभेचं म्हणाले.

पत्र वाचून झाल्यावर अण्णा वेताच्या खुर्चीत जाऊन बसले. अक्का एकदाच बोलल्या, "मी सिनेमा मागितला म्हणून झालं का हे?" अण्णांना ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, नाही अक्का. त्यांचा विश्वास बसला नाही. अजून बसलेला नाही. कारखान्यानं त्या बाईच्या डोक्यात घातलेलं हे एक वाक्य मी कुठल्या अपिलात टाकू?

मी अण्णांची माफी मागितली. कागदावर लिहून मागितली, बारीक अक्षरात. त्यांनी वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मग उठले, ॲम्प्लिफायरच्या पुढचा पत्रा स्क्रू काढून सुटा केला, ठिपक्यांसकट, दोन्ही नॉबसकट, आणि माझ्या हातात दिला.

"हे जोड अपिलाच्या अर्जाला. आणि याच्याखाली काही लिहू नकोस. त्यांना मोजू दे."

तो पत्रा आता कामगार खात्याच्या एका फायलीत पाकिटात आहे. ॲम्प्लिफायर उघडा पडला आहे. अक्का टीव्हीच्या स्वतःच्या बारीक आवाजात सिनेमा बघतात, खुर्ची ओढून अगदी जवळ बसून. मी ती खोली सोडून बोम्मसंद्र्याला राहायला आले, गेटच्या जवळ. निघायच्या दिवशी खाली गेले तर रेकॉर्ड फिरत होती, सुई टेकलेली, आवाज कशातूनच नाही, आणि अण्णा दोन बोटं त्या सुईच्या दांड्यावर अलगद धरून उभे होते. मला बघून म्हणाले, "श्शू. घर गप्प आहे." फ्रिज घरघरत होता.

त्या तीन पोरी अजून बाकावर आहेत. परवा गेटबाहेर त्यांतल्या एकीला मी डावीकडून हाक मारली. तिनं वळून उजवीकडे बघितलं.

तेव्हा वाचणाऱ्या बाईंनो, बुवांनो, हळहळू नका. उठा. तुमच्या घरात टेप असेल, टीव्ही असेल, होम थिएटर असेल. त्याचा स्पीकर फिरवा, पाठीवर बघा. गोल कागदी चिकटी असेल, तिच्यावर नंबर असेल. ज्या कंपनीचा माल असेल तिला आज पत्र टाका: 'या नंबरच्या माणसाचे कान तुम्ही शेवटचे कधी तपासले? रिपोर्टची प्रत पाठवा.' उत्तर लेखी मागा. आलं नाही तर पुन्हा लिहा. आणि जोर यावा म्हणून एक शब्दही खोटा घालू नका.